कागदावरचं विशाखापट्टण

विशाखापट्टणला मी दोनदा गेले. पहिल्यांदा मे महिन्यात, अकरा दिवस, नवरा आणि चार वर्षांच्या मुलीबरोबर. ते जाणं फक्त कागदावर होतं, मी गाडीत पायसुद्धा ठेवला नव्हता. दुसऱ्यांदा तीन वर्षांनी, डिसेंबरात, आम्ही दोघंच. तेव्हा खरोखर गेलो.

ज्याला आमची वस्ती माहीत नाही त्याला आधी सांगायला हवं. आमचं क्वार्टर बल्लारपूरजवळ, कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत आहे. काही वर्षांतून एकदा खाण आपल्या कामगाराला बायकापोरांसह देश पाहायला सुट्टी देते, भाडंही देते. तिला आमच्याकडे एलटीसी म्हणतात. पण आमची माणसं लग्नाला जातात, मयतीला जातात, देवाला आणि दवाखान्यात जातात. नुसतं पाहायला जायची सवय कोणाला नाही. म्हणून गावातला एक ट्रॅव्हल्सवाला सगळे कागद बनवून द्यायचा, गाडीचे, लॉजचे, जेवणाचेसुद्धा. कामगार घराला कुलूप लावून तेवढे दिवस सासुरवाडीला लपून राहायचा. परत आला की लोक विचारत, कसा होता ताजमहाल? विचारणाराही तसाच जाऊन आलेला असे.

आम्ही माझ्या माहेरी लपलो होतो. आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलं की चार कोसांवर गाव आहे. तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीच्या पानांचे, दिवस होते. मी माझ्या मायबरोबर पहाटे पानं तोडायला जात होते, दुपारी पुडे बांधत होते. पाचव्या दिवशी मायला ताप भरला. गावातले लोक म्हणाले, चंद्रपूरला न्या. माझा नवरा म्हणाला, "चंद्रपूरच्या दवाखान्यात रोज आपल्या कालनीचं कोणी ना कोणी राह्यते. पायलं तं नौकरी गेली. सुट्टी सरली का नेऊ. सहा दिवसाचा तं प्रश्न आहे."

मी काही बोलले नाही. मी कधीच फारसं बोलत नाही. नवव्या दिवशी माझ्या भावानं कोणाला न विचारता जीप आणली. चंद्रपूरच्या वाटेवर आष्टीचा पूल यायच्या आधी माय गेली.

परत आल्यावर गेडामबाईंनी, म्हणजे शेजारणीनं, दारातच विचारलं, "कसा होता वं समुद्र?" मी म्हटलं, "मोठा होता."

तयारी

तीन वर्षं कोणी काही विचारलं नाही. मग वरून साहेब आले आणि जुने कागद काढून घरोघरी चौकशी करू लागले. ते माणसांना बाहेर बसवून बायांनाच विचारत. मागच्या ओळीतल्या एकीला विचारलं, समुद्राचं पाणी कसं होतं? ती म्हणाली, "गोड होतं साहेब. येताना एक डबकी भरून आणली." तिचा काही दोष नाही. आमच्याकडे इतक्या नद्या आहेत, त्यातल्या एकीचंही पाणी खारट नाही. आठ दिवसांत तिच्या नवऱ्याला घरी बसवलं.

त्या संध्याकाळी हे, म्हणजे माझा नवरा, ड्युटीवरून आले ते आंघोळ न करताच खाटेवर बसले. तोंडावर कोळसा तसाच होता.

"आपला नंबर आहे," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात."

"मी काय सांगू मंग?"

"तेच तं. ती बाई बोल्ली म्हणून फसली. तू बोलणार नाई म्हणून फसशीन. गप बसली का त्यायले वाटन, गेलीच नाई."

बराच वेळ ते नखातला कोळसा काढत बसले. मग म्हणाले, "एक डाव जाऊनच येऊ. डोळ्यानं पायलं का काहीई इचारो."

अशी आमची सहल ठरली. यांनी जुन्या कागदांची एक नक्कल ठेवली होती. ती समोर ठेवून त्यांनी सगळं आखलं. कागदावर पहिल्या दिवशी अमुक लॉज, मग समुद्र, मग सिंहाचलमचं देऊळ, मग बंदर. त्याच क्रमानं जायचं. मला त्यांनी शाळेच्या दुकानातून दोनशे पानी वही आणून दिली. "चौथी पास आहेस. दिसन ते लिवून घेजो. येताना पाठ करू." शेजाऱ्यांना सांगायचं की दवाखान्यात चाललो. तिकडून तारीख असलेली कुठलीही वस्तू आणायची नाही. फोटो काढायचा नाही.

आणि पिंकीला न्यायचं नाही. कागदावर ती चार वर्षांची होती, तिला आठवत नाही म्हणता येईल. आता ती सात वर्षांची आहे, शाळेत जाऊन सांगेल. तिला वरोऱ्याला आत्याकडे ठेवायला गेलो तेव्हा ती माझ्या पिशवीकडे पाहत होती.

"दवाखान्यात चालले तं नवी साडी काऊन ठेवली?"

मी म्हटलं, "मोठा दवाखाना आहे."

पहिला दिवस : लॉज

गाडीचं काही लिहीत नाही. विजयवाड्याला बदलली एवढंच. उतरलो तेव्हा सकाळ होती आणि डिसेंबर असूनही अंगाला घाम येत होता. हवा ओली आणि चिकट. आमच्याकडे या दिवसांत शेकोटी पेटवतात.

आधी लॉज शोधायचं ठरलं होतं. कागदावर नाव, रस्ता, सगळं नीट लिहिलेलं. पाट्या तेलुगूत, मला एक अक्षर येत नव्हतं. रिक्षावाल्यानं दोनदा कागद वाचला, मान हलवली आणि आम्हाला एका गल्लीत सोडलं. तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला भिंत.

यांनी हिंदीत विचारलं. दुकानदार म्हातारा, गुडघ्यावर ट्यूब घेऊन बसला होता. तो म्हणाला, "इधर लॉज नहीं। मेरे बाप के टाइम से दुकान है।"

"बंद झालं असन," हे म्हणाले.

"क्या बंद? था ही नहीं।"

हे गिरणीच्या पायरीवर बसले. तीन वर्षांपूर्वी ज्या खोलीत आम्ही अकरा दिवस राहिलो होतो, जिचं भाडं कंपनीनं दिलं होतं, ती खोली जगात कुठे नव्हतीच. त्यांनी कागद उलटसुलट करून पुन्हा वाचला. म्हाताऱ्यानं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला.

"साहेबानं तपासलं तं?" मी विचारलं.

"इतक्या दूर कोण येते तपासाले," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आपण आलोच ना पण."

वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं : लॉजच्या बाजूला पिठाची गिरणी आहे. गल्ली अरुंद. पाणी खारं लागते. हे सगळं खरं होतं.

आम्ही स्टेशनाजवळ एका धर्मशाळेत राहिलो. रात्री जेवायला केळीच्या पानावर भात आला. आम्हीही भात खाणारी माणसं, झाडीपट्टीत धानाशिवाय काय पिकतं? पण त्यांचा भात वाढायची रीत निराळी. आधी डाळीबरोबर, मग आंबाडीच्या चटणीबरोबर, मग सांबार, मग ताक, दर वेळी नवा ढीग. आंबाडीची भाजी आमच्याकडेही करतात, पण इथली चटणी इतकी तिखट की डोळ्यात पाणी आलं. हे म्हणाले, "लिव." मी डाव्या हातानं वही उघडली.

दुसरा दिवस : पाणी

सकाळी समुद्रावर गेलो. काय लिहू कळत नाही. मी वैनगंगा पाहिली आहे, भामरागडला तीन नद्या मिळतात ते पावसाळ्यात पाहिलं आहे, तेव्हा महिना महिना रस्ता बंद राहतो. नदी कितीही मोठी असली तरी पलीकडे काहीतरी असतं. झाड असतं, माणूस असतो, हाक मारता येते. इथे पलीकडे काही नव्हतं. मला बरं वाटलं नाही. एका बाजूला डोंगर पाण्यात शिरलेला होता, माशाच्या नाकासारखा, लोक त्याचे फोटो काढत होते.

यांनी आधी ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकले. "घे, पाय."

मी चाखलं. खारट, आणि मागून कडू.

"कसं होतं पाणी?" त्यांनी साहेबासारखं विचारलं.

"खारट होतं साहेब. मागून कडू."

"कडू नको सांगू. खारट बस."

मग आम्ही पाण्यात उभे राहिलो. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. आपण उभेच असतो पण टाचा खाली जातात, असं वाटतं कोणी हळूच धरून बसवतंय. मी यांचा हात धरला. लग्नाला नऊ वर्षं झाली, चारचौघांत मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. त्यांनी सोडवला नाही.

किनाऱ्यावर एक बाई चुलीवर मिरचीची भजी तळत होती. मिरची चिरून तिच्यात कांदा आणि लिंबू भरून देत होती. आम्ही वाळूत बसून खाल्ली. कागदाला तेल लागलं होतं आणि त्यावर वाळू चिकटत होती. हे म्हणाले, "तुह्या मायले..." आणि थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मला वाटलं पाहिलं तर ते बोलणार नाहीत. मी मिरची खात राहिले. मग ते म्हणाले, "मिरची लई तिखट आहे," आणि उठून पाणी आणायला गेले.

माय दर साल तेलंगणात मिरची तोडायला जायची. ते त्यांना सांगायचं होतं का, का दुसरं काही होतं, मला अजून माहीत नाही.

तिसरा दिवस : देव आणि पाणबुडी

सिंहाचलमचा देव डोंगरावर आहे. वर बस जाते. देवाच्या अंगावर चंदनाचा एवढा लेप असतो की मूर्ती दिसतच नाही, नुसता एक गोळा दिसतो. पुजारी हिंदीत सांगत होता की वर्षातून एकच दिवस चंदन काढतात आणि तेव्हाच देवाचं खरं रूप दिसतं. यांनी विचारलं, "मे महिन्यात का?" पुजारी म्हणाला, वैशाखात, अक्षय तृतीयेला. हे बाहेर येऊन बोटांवर मोजू लागले की आमच्या कागदाच्या तारखांत ती तिथी येत होती का. येत असती तर मला देवाचं खरं रूप पाहिल्याचं सांगावं लागलं असतं. आली नाही, चार दिवसांनी चुकली. त्यांनी देवाला पुन्हा हात जोडले.

संध्याकाळी समुद्राच्या रस्त्यावर एक पाणबुडी पाहिली. खरी, लोखंडाची, युद्धातली, पाण्यातून ओढून वाळूत आणून ठेवलेली. आत जाता येतं. वाकून जावं लागतं, इकडे तिकडे नळ्या, घड्याळं, चाकं. माणसं भिंतीतल्या फळ्यांवर झोपायची. दाखवणारा म्हणाला की पाण्याखाली महिनोन्महिने राहत, घरच्यांना ठाव नसे. यांना फार आवडली. ते खाणीतले, त्यांना जमिनीखालचं काम माहीत आहे. ते मला खुशीत दाखवत होते, "हे पाय, आमच्या पंपासारखंच आहे. इथी हवा येते पाय." मी इतक्या दिवसांत त्यांना असं बोलताना पाहिलं नव्हतं. मी उभ्या उभ्याच तीन पानं लिहिली.

बाहेर येताना त्यांनी सहज विचारलं, इथे कधीपासून ठेवली? दाखवणारा म्हणाला, "पिछले साल।"

हे उतरत्या उन्हात थांबले. मग माझ्या हातातून वही घेऊन त्यांनी ती तीन पानं फाडली.

"आपण आलो तवा हे नव्हतं," ते म्हणाले. "तू हे पायलं नाई. समजलं?"

"पायलं नाई," मी म्हटलं.

"कोणालेई नाई सांगाचं. पिंकीलेई नाई."

त्यांनी पानांचे बारीक तुकडे करून खिशात ठेवले. त्या शहरात त्यांना आवडलेली एकच गोष्ट होती. रस्ताभर ते पाणबुडीकडे पाठ करून चालले.

चौथा दिवस : बंदर

पहाटे बंदरावर होड्या येतात आणि मासळीचा बाजार भरतो. वास आधी येतो. मासे ढिगानं, काही माझ्या हाताएवढे, काही चांदीच्या कागदासारखे. विकणाऱ्या सगळ्या बायाच. आमच्याकडे नदीचे मासे चार टोपल्या आल्या की बाजार संपतो. इथे बाया ओरडत होत्या, भांडत होत्या, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. हे होड्यांची नावं पाहायला पुढे गेले. मी एका कडेला उभी राहिले.

एक म्हातारी मासे चिरत बसली होती. तिच्या हातांवर गोंदण होतं, मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "एक्कड नुंची?" म्हणजे कुठून. मायकडून शिकलेलं एवढं मला कळलं. मी म्हटलं, "चंद्रपूर." तिला माहीत नव्हतं. तिनं हातानं विचारलं, एकटी? आई? कुठे?

तीन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. वसाहतीत विचारायची सोयच नव्हती, आम्ही तेव्हा समुद्रावर होतो ना. भावानं गावी तेरावं केलं तेव्हा आम्ही सुट्टी संपली म्हणून परत आलो होतो. दिवसकार्याला मी घरात रोजच्यासारखी भाजी चिरली.

मी म्हटलं, "अम्मा लेदु." आई नाही.

मग मला रडू आलं ते थांबेना. म्हातारी तेलुगूत पुष्कळ काही बोलली, मला एक शब्द कळला नाही. तिनं चाकू बाजूला ठेवला, हंड्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं, तोंड धू अशी खूण केली. मला बसायला आपला पाट दिला आणि स्वतः ओल्या जमिनीवर बसून मासे चिरू लागली. शेजारची बाई काहीतरी टोमणा मारून हसली तर तिनं माशाचं डोकं तिच्याकडे फेकलं. मीही रडता रडता हसले.

हे परत आले. "काऊन रडून राह्यली?"

"मासळीचा वास."

त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. परतताना मला मोगऱ्याचा गजरा घेऊन दिला आणि पिंकीसाठी वाळूतले शिंपले वेचून रुमालात बांधले. "शिपल्यावर तारीख नसते," म्हणाले.

त्याच दिवशी गाडीत बसलो. गाडीभर पाठांतर झालं. कोणतं देऊळ, पाणी कसं, डोंगर कसा. आमचं बल्लारशा स्टेशन येण्याआधी त्यांनी तिकिटं फाडून खिडकीतून सोडली.

साहेब

साहेब पंधरा दिवसांनी आले. दोघं होते. पिंकीला पुन्हा वरोऱ्याला पाठवलं होतं. यांना बाहेर ओट्यावर बसवलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. वही पिठाच्या डब्याखाली होती, सगळी पाठ होती.

मोठ्या साहेबांनी लॉज विचारलं नाही. देऊळ विचारलं नाही. चहा पिता पिता म्हणाले, "ताई, समुद्रात पाय घातले का? कसं वाटलं?"

मी म्हटलं, "लाट वापस जाते तं पायाखालची रेती नेते. आपण उभंच राहतो पण खाली खाली जातो. भेव लागते. मी यायचा हात धरला."

साहेब हसले. दुसऱ्याला म्हणाले, "माझी बायको अगदी हेच म्हणाली होती." आणि कागदावर बरोबरची खूण केली. एवढंच झालं. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. फक्त तारीख खोटी होती, आणि ती त्यांनी मला विचारलीच नाही.

नोकरी वाचली. मी काय उत्तरं दिली ते विचारायला गेडामबाई आणि आणखी दोघी आल्या आणि डब्याखालची माझी वही दिसली ती मागून घेऊन गेल्या, त्यांचाही नंबर होता. त्या माझ्या वहीतून समुद्र पाठ करत होत्या.

साहेब येऊन गेले त्याच दिवशी यांनी कोंबडा आणला. बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवत होते. पिंकी अजून आत्याकडेच होती, घरात आम्ही दोघंच. मी वाढता वाढता विचारलं. मला वाटलं, आता कोणाची भीती नाही, आता ते सांगतील. तेवढं एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"माय गेली तवा आपण कुठी होतो?"

त्यांचा घास हातात राहिला. त्यांनी दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं.

"इसाखापट्टनमले," ते म्हणाले.

मी भात वाढला. त्यांनी तो खाल्ला, हात धुतले आणि पान खायला चौकात गेले.

म्हणून ही दुसरी वही मी माझ्या पैशानं आणली. ही वसाहतीत कोणाला देणार नाही. त्या अकरा दिवसांत आम्ही माझ्या माहेरी होतो. पाच दिवस पानं तोडली. चार दिवस माय तापात पडून होती आणि मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. तिनं दोनदा विचारलं, गाडी आली का? मी दोन्ही वेळा म्हटलं, येऊन राह्यली. नवव्या दिवशी ती गेली तेव्हा जीप सागाच्या जंगलातून चालली होती आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. भाऊ चालवत होता. हे त्याच्या शेजारी पुढे बसले होते, आणि समोरून कोणतीही गाडी आली की तोंडावरून दुपट्टा घेत होते.